चतुर्दशीची बैठक

“बोलणं ऐकत बसू नकोस, राजमती. जेवून उठल्यावर माणूस ताट कुठं ठेवतो, तेवढं बघ.”

माझे सासरे, आप्पा, धर्मशाळेच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून हे म्हणाले तेव्हा त्यांना धड दिसतही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी मुगाच्या कढणाची वाटी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, “कुणाचं ताट?”

“माझ्या मागं माझ्या जागेवर जो बसेल त्याचं.”

“आता कशाला असलं बोलताय?”

“मेल्यावर बोलता येत नाही म्हणून. शब्द दे.”

मी दिला. म्हातारपणी माणसं बोलतात तसं बोलले असतील, असं मला वाटलं. कढण संपवून ते उठले, भिंत चाचपडत नळापर्यंत गेले, वाटी विसळून पालथी घातली. त्यांच्या हाताला धरायला गेलं तर रागवायचे.

आमची धर्मशाळा मिरजेत, एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. बावीस खोल्या. माझ्या आजेसासऱ्यांनी, आदगोंडा उगारे यांनी, बांधलेली. पेशंटबरोबर आलेल्या माणसांनी इथं राहायचं, दोन वेळा जेवायचं, आणि जेवलेलं ताट ज्याचं त्यानं घासायचं. मामलेदार असला तरी. दुसरी रीत अशी की वाढायला घेण्याआधी घरातल्या एकानं दारात उभं राहून गल्लीत दोन्हीकडं बघायचं. कुणी यायचं राहिलं असेल तर थांबायचं. आम्हा जैनांत दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, त्यामुळं चूल मावळतीला विझायची. पण उशिरा येणाऱ्या माणसाला भूक काय आमच्या धर्माला विचारून लागत नाही, म्हणून ओसरीवर भडंगाचा डबा आणि केळ्यांचा घड कायम ठेवलेला असायचा.

ट्रस्टवर आम्ही तिघं होतो. आप्पा, धाकटे दीर पारिसभाऊजी आणि मी. माझे मालक गेले त्या वर्षी आप्पांनी मला त्यांच्या जागी घेतलं होतं. एकोणीस वर्षं मी दाखवतील तिथं सही केली. बोलले नाही. बोलायची सवय नाही मला, मोठ्यानं तर नाहीच. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जायचं, देवापुढं दिवसाचा नियम घ्यायचा आणि तो पाळायचा, एवढंच मला जमत आलंय. दर चतुर्दशीला एकवेळ जेवण आणि सूर्यास्तापर्यंत मौन. हे सगळ्या उगाऱ्यांना पाठ होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, आप्पा गेले. ट्रस्टचं खत, म्हणजे आदगोंडांनी करून ठेवलेला दस्त, सोपं होतं. जागा रिकामी झाली की उरलेल्यांनी बैठक घेऊन आदगोंडांच्या वंशात जन्मलेलं सज्ञान माणूस निवडावं. बैठकीत जो विरोध बोलून दाखवणार नाही त्याची संमती धरावी. मतं जुळली नाहीत तर ज्याला ट्रस्टवर जास्त वर्षं झाली, त्याचा शब्द शेवटचा. पारिसभाऊजींना बारा वर्षं झाली होती. मला एकोणीस.

दिवसकार्य आटोपल्यावर तिसऱ्या आठवड्यात सम्मेद आला. भाऊजींचा एकुलता एक, इंजिनिअर झालेला. मला थोरली आई म्हणायचा. मला मूलबाळ नाही, त्याला न्हाऊमाखू घातलं ते मीच. दरवर्षी मला गाडीनं बाहुबलीच्या डोंगराला घेऊन जायचा आणि मी वरून दर्शन घेऊन येईपर्यंत पायथ्याशी माझ्या चपला सांभाळत बसायचा. पोरगं गुणाचं होतं. हे सांगायलाच पाहिजे.

त्या दिवशी तो टेप घेऊन आला. ओसरी मोजली, आड मोजला, स्वयंपाकघर मोजलं. मग माझ्यापुढं नकाशा पसरला.

“चार मजले, थोरली आई. लिफ्टसकट! खाली औषधांची दुकानं, वर लॉजिंग.”

“आणि स्वयंपाकघर?”

“कॅन्टीन चालवायला देऊ कुणाला तरी.”

“दवाखान्यातनं येणारी माणसं?”

“पाच खोल्या राखीव त्यांना. आप्पांच्या नावाची पाटी लावू की मोठी, संगमरवरी.”

“बावीसच्या पाच?”

“अगं, पण कसल्या पाच! फरशी बघशील तर चपला बाहेर काढशील.”

मी हसले. तो जेवायला बसला. तायव्वाच्या हातची मुगाची आमटी आणि भाकरी त्याला लहानपणापासून आवडायची. तायव्वा म्हणजे आमची स्वयंपाकीण, तीस वर्षं त्या चुलीपुढं बसलेली. त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या, तिला नावाजलं. तेवढ्यात त्याच्या मोबाईलवर फोन आला. बोलता बोलताच त्यानं ताटात हात धुतला, ताट पायानं बाकाखाली सरकवलं आणि उठला.

तायव्वा माझ्याकडं बघत राहिली. मी ताट उचललं आणि नळावर नेऊन घासलं.

एका ताटावरून पोरगं मोडीत काढायचं का? मी त्याला आणखी दोनदा जेवायला बोलावलं. एकदा तो ताट बाकावरच ठेवून गेला. दुसऱ्यांदा शेजारी चिक्कोडीचा एक म्हातारा आपलं ताट घेऊन नळाकडं निघाला होता, त्याच्या ताटावर सम्मेदनं आपलं ताट ठेवलं आणि म्हणाला, “आजोबा, जाताच आहात तर एवढं घेऊन जा.” म्हाताऱ्यानं नेलं. त्याची बायको आदल्या दिवशी दवाखान्यात वारली होती. सम्मेदला ते ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

त्यानंतर बैठकीची नोटीस आली. पौष वद्य चतुर्दशी, सकाळी अकरा वाजता.

तायव्वाला वाचता यायचं नाही. मी वाचून दाखवली. ती पिठाचे हात तसेच धरून म्हणाली, “चतुर्दशीला? त्या दिवशी तुमी बोलत न्हाई की, अक्का.”

“होय.”

“मग बैठक कशी करणार?”

“तशीच करणार.”

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं परातीतल्या पिठावर असा बुक्का मारला की पीठ उडालं.

चतुर्दशीला मी नेहमीप्रमाणं पहाटे अंघोळ करून बस्तीत गेले. अभिषेक झाला, उपाध्यांनी गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, दिलं, ते डोळ्यांना लावलं. देवापुढं हात जोडून मनात नियम घेतला. काय घेतला ते कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं तोच नियम घेणारीला कोण विचारणार?

अकरा वाजता धर्मशाळेच्या ऑफिसात पारिसभाऊजी, सम्मेद आणि कुडचे वकील आले. कुडचे वकील आप्पांच्या वेळेपासूनचे, ट्रस्टचं प्रोसिडिंग तेच लिहायचे. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. त्यांनी नमस्कार केला, मी नमस्कार केला.

कुडचे खाली मान घालून म्हणाले, “पारिसराव, वहिनींचं आज मौन असतं. बैठक दोन दिवस पुढं घेऊया का? उगाच उद्या कुणी म्हणायला नको.”

“कुणी म्हणायचं? वैनी?” भाऊजी हसले. “आमच्या वैनी महिन्यातनं दोन दिवस मौन पाळतात आणि बाकीचे अठ्ठावीस दिवस त्याचा सराव करतात. काय वैनी?”

कुडचे हसले. सम्मेदही हसला, मग माझ्याकडं बघून मान खाली घातली.

मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर ते मोकळे झाले. घरातल्या भिंतीपुढं बोलावं तसं माझ्यापुढं बोलू लागले. पाडकाम माघात धरलं होतं. कंत्राटदाराला शब्दही देऊन झाला होता.

“तायव्वाचं काय?” कुडच्यांनी विचारलं.

“जाईल अथणीला लेकीकडं. म्हातारी झाली आता.”

“आणि आत्ता राहिलेत ते लोक?”

“ते काय कायमचे आलेत? बरे होतात नाहीतर...” भाऊजींनी हात हलवला. “वैनींना वरच्या मजल्यावर एक खोली देऊ. जपाला निवांत. गल्लीचा आवाज नको का काही नको.”

दारातून बारा नंबरच्या खोलीतली बाई वाकून बघत होती. तिच्या कडेवर पोर होतं, हातात घासलेलं ताट. ती लगेच मागं सरली.

भाऊजी सांगू लागले, कुडचे लिहू लागले. “कैलासवासी नेमगोंडा उगारे यांच्या जागी विश्वस्त म्हणून चिरंजीव सम्मेद पारिसा उगारे यांचं नाव सुचवण्यात आलं. श्रीमती राजमती उगारे यांनी विरोध न दर्शवल्यामुळं सदर निवड एकमतानं...”

‘एकमतानं’ पुरतं लिहून होईपर्यंत मी थांबले.

“माझा विरोध आहे,” मी म्हणाले.

कुडच्यांचं पेन थांबलं. माझा आवाज काही मोठा झाला नव्हता.

“वैनी! चतुर्दशी आहे आज!” भाऊजी उठलेच.

“माहीत आहे.”

“मौन मोडलंत? देवापुढं घेतलेलं?”

“घेतलंच नव्हतं. आज दुसरा नियम घेतलाय. तुम्ही विचारलं नाहीत.”

सम्मेदच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तो हळूच म्हणाला, “थोरली आई, मी नको वाटतो तुला?”

हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. मी त्याच्याकडं बघूनच उत्तर दिलं. “माझा मुलगा म्हणून तूच पाहिजेस, सम्मेद. या खुर्चीवर नको. तू आलास तर बारा नंबरची बाई उद्या फूटपाथवर झोपेल.”

“मग कोण बसणार खुर्चीवर?” भाऊजींनी टेबलावर हात आपटला. “वंशातलं माणूस पाहिजे. आहे कोण दुसरं? नाव सांगा ना, नाव!”

“त्रिशला.”

वीस वर्षांत हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. त्रिशला भाऊजींची सख्खी धाकटी बहीण, माझी नणंद. साखर कारखान्यातल्या एका फिटरशी, विलास मान्यांशी, जातीबाहेर लग्न करून गेली. आप्पांनी त्या दिवशी तिच्या नावानं अंघोळ केली होती. माणूस मेल्यावर करतात तशी.

“तिच्या घरात काय शिजतं ठाऊक आहे तुम्हाला?” भाऊजींचा आवाज चिरकला. “आणि तुम्ही? रात्रीचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या तुम्ही तिचं नाव घेता?”

“खतात घरी काय शिजतं याचं कलम नाही, भाऊजी. धर्मशाळेत काय शिजतं याचं आहे. वकीलसाहेब, मुलगी वंशात जन्मते की नाही?”

कुडच्यांनी चष्मा पुसला. “जन्मलेलं माणूस असं लिहिलंय. मुलगा असा शब्द नाही. आदगोंडाअण्णांनी मुद्दाम लिहिलं की कसं, ते मला माहीत नाही, पण नाही.”

“वीस वर्षांत इकडं फिरकली नाही ती!”

“फिरकली. दोन वर्षांपूर्वी अकरा दिवस इथंच होती. सात नंबरच्या खोलीत.”

भाऊजी बसले.

मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. विलासरावांचा पाय मशीनमध्ये सापडला होता, दवाखान्यात आणलेलं. वहीत तिनं माने, बोरगाव एवढंच लिहिलं. पदर कपाळावर ओढलेला. मी तिला ओळखलं ते ती नळावर लुगडं पिळत होती तेव्हा. डाव्या हातानं पिळायची ती, लहानपणापासून. मी जवळ जाऊन उभी राहिले तर म्हणाली, “वैनी, ओळख दाखवू नकोस. बाकीच्यांसारखी राहते.” आणि राहिली. बापाच्या धर्मशाळेत ओळीत उभी राहून जेवली. आपलं ताट घासलं, आणि ज्यांच्या हातून घासवत नव्हतं त्यांचीही घासली. गदगहून आलेल्या एका बाईला रक्त बघून भोवळ यायची, तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसायची. कुणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. जायच्या दिवशी पिशवी उचलताना ती म्हणाली होती, “माझ्या घरी तू कशाला येशील? आलीस तरी पाणी पिणार नाहीस.” मी म्हणाले होते, “येईन. पिईन.” तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसून निघाली. हसली ती मला खोटं ठरवून. आणि दोन वर्षं तिचंच खरं होतं. बोरगावकडची गाडी रोज स्टँडवर लागायची, आणि मी रोज बस्तीत जाऊन परत यायची. लोक काय म्हणतील, बस्तीतल्या बायका काय म्हणतील.

“मतं जुळत नाहीत,” कुडचे म्हणाले, “तेव्हा खताप्रमाणं वहिनींचा शब्द शेवटचा. मला तसं लिहावं लागेल. पण त्यांची, त्रिशलाताईंची, स्वीकाराची सही लागेल. त्या नाही म्हणाल्या तर जागा रिकामी, आणि मग पुन्हा बैठक.”

भाऊजींना एकदम बळ आलं. “नाहीच म्हणणार ती! ज्या बापानं तिच्या नावानं अंघोळ केली, त्याच्या खुर्चीवर येऊन बसेल? कशासाठी? वैनी, तुम्ही तरी बसला असता?”



तायव्वा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, किती वेळ कुणास ठाऊक. ती म्हणाली, “आप्पांनी खुर्ची हलवून घेतली हुती.”

“तू मध्ये बोलू नकोस, तायव्वा,” भाऊजी म्हणाले.

“आता बोलतेच. मला तरी तुमी अथणीला धाडलंयच की!” ती आत आली, ट्रे टेबलावर ठेवला. “ती सात नंबरात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा म्हनले, तायव्वा, माझी खुर्ची नळापाशी ठेव. म्हटलं, तितं ओल असतीया. तर म्हनले, असू दे. दिसत न्हवतं त्यांना. दोन्ही वेळेला तितं बसून भांड्यांचा आवाज ऐकायचे. मधीच ती कुणाशी तरी बोलायची, तर मान वळवायचे. अकरा दिवस. ती गेली तसं म्हनले, खुर्ची वसरीवर ने परत.”

“तू सांगितलंस त्यांना, ती कोण आहे ते?” मी विचारलं.

“मला तरी कुटं ठाऊक हुतं, अक्का? पदराआड तोंडच दिसलं न्हाई. आज कळलं.”

ती ओसरीवर परत आलेली खुर्ची मला आठवली. त्यानंतर आठच दिवसांनी मी कढणाची वाटी घेऊन गेले होते, आणि आप्पांनी माझ्याकडून शब्द मागितला होता. सरळ तिचं नाव घ्यायला त्यांची जीभ रेटली नाही. ती खुर्ची अजून आहे. वेत दोनदा बदललाय.

भाऊजी खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. मग न वळताच म्हणाले, “मी सही करणार नाही.”

“तुमची लागत नाही,” मी म्हणाले. “लिहा, वकीलसाहेब.”

त्यांनी ‘एकमतानं’ वर रेघ मारली आणि पुढं लिहिलं. मी वाचून सही केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाचून. मग स्वीकाराचा कागद त्यांच्याकडून घेतला, खोलीत गेले, कापडी पिशवी काढली. पिशवीत कागद ठेवला, पेन ठेवलं, आणि पाणी गाळायचं पांढरं फडकं घडी करून ठेवलं. पाणी तिच्या घरचं, तिच्या हातचं प्यायचं. गाळून प्यायला कुणाची हरकत नसावी.

चप्पल घालताना सम्मेद मागून आला. “थोरली आई, बोरगावला दोन गाड्या बदलाव्या लागतात. मी सोडतो.”

“आज नको.”

“रागावलीस?”

“नाही रे. ती तुझी आत्या आहे. तिच्या दारात जायचं तर तुझा तू जा, कधीतरी. मला सोडायला म्हणून नको.”

त्यानं वाकून माझी दुसरी चप्पल सरळ करून पुढं ठेवली, डोंगराच्या पायथ्याशी ठेवायचा तशी.

तायव्वा पदराला हात पुसत आली. “अक्का, सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई तुमच्या पोटात. दोन घोट तरी घ्या.”

“नियम आहे.”

“कसला? मौन तर न्हाई म्हनलासा.”

“त्रिशलेच्या हातचं पाणी मिळेपर्यंत दुसरं नाही, असा.”

“आणि दिवस मावळंस्तवर पोचला न्हाईसा तर? का तिनं दारच उघडलं न्हाई तर?”

“तर उद्या सकाळी तिच्या दारात बसेन.”

मी दारात आले. बारा वाजत आले होते, वाढायची वेळ. उंबऱ्यावर उभी राहून गल्लीत दोन्हीकडं बघितलं. दवाखान्याच्या बाजूनं एक माणूस हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन, पाट्या वाचत, हळूहळू येत होता.

“तायव्वा, एकजण येतोय,” मी म्हणाले. “तो बसेपर्यंत वाढू नकोस.”

आणि पिशवी खांद्याला लावून स्टँडच्या दिशेनं चालू लागले.